पहिल्या वर्षाच्या गार्डचा बचाव आणि आपले क्रीडापान

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलला आपण क्रीडापानावर अर्धे पान दिलेत, याचा मला फार आनंद झाला. मी निवृत्त क्रीडाशिक्षिका आहे. मुलींना बास्केटबॉल शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षे गेली. आता लेकीकडे, साउथ कॅरोलायना राज्यातल्या कोलंबिया शहरात राहते आणि सकाळच्या चहाबरोबर आपला ई-पेपर वाचते. त्या लेखात आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कचे कॉलेज कारकिर्दीतले ३,९५१ गुण होते, जुजू वॉटकिन्सने २०२३-२४ मध्ये पहिल्याच वर्षी केलेले विक्रमी ९२० गुणही होते. बचावाबद्दल मात्र एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र.

हॅना हिडाल्गोचा उल्लेख लेखात आला, तो तिच्या नाकातल्या चमकीमुळे. मार्च २०२४ मध्ये ऑरेगन स्टेटविरुद्धच्या सामन्यात पंचांनी तिला चमकी काढायला लावली, त्यात तिचा वेळ गेला आणि तिचा नोत्र दाम विद्यापीठाचा संघ ७०-६५ असा हरला. घटना खरी आहे आणि चमकी म्हटल्यावर आपल्या वाचकांचे कुतूहल जागे होणार, हेही मला समजते. पण त्याच हंगामात हिडाल्गो अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटातली सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरली आणि त्याच वर्षी सर्वोत्तम बचावपटूही ठरली. साडेपाच फूट उंचीची, कॉलेजात नुकतीच आलेली मुलगी दर सामन्याला सरासरी साडेचारच्या वर चेंडू हिसकावून घेत होती. माझ्या मते त्या वर्षीची मोठी बातमी ही होती.

पहिल्या वर्षाच्या मुलीला बचाव जमणे इतके अवघड का असते, ते थोडे सविस्तर लिहिते. माझी नात यंदा एका छोट्या कॉलेजात पहिल्या वर्षाची गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेणारी आणि समोरच्या चेंडूवालीला अडवणारी खेळाडू, म्हणून खेळली. कॉलेज डिव्हिजन थ्रीमधले, म्हणजे कॉलेज स्पर्धांच्या तिसऱ्या श्रेणीतले आहे. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, दूरदर्शनचे कॅमेरे नसतात, प्रेक्षकांत बहुतेक आईवडील आणि वसतिगृहातल्या मैत्रिणी. शाळेत ती संघाची सर्वाधिक गुण करणारी होती. कॉलेजात नोव्हेंबरात तिला मिनिटे मिळाली ती अगदी मोजकी, आणि तीही बचावात चूक झाली की लगेच संपायची.

शाळेत चपळ हातांवर भागते. समोरची मुलगी चेंडू जरा शरीरापासून लांब ठेवते, आपण हात घालायचा, चेंडू घेऊन पळायचे. कॉलेजातली गार्ड चेंडू मुद्दाम लांब ठेवते. हात आला की तो दुसऱ्या बाजूला नेऊन ती सरळ आत शिरते. मग मागून धरले की फाउल. पाच फाउलला खेळाडू बाहेर जाते, पण त्याआधीच, पहिल्या पावातच (पाव म्हणजे सामन्याचा चौथा भाग) दोन झाले की प्रशिक्षक तिला बाकावर बसवतात. (आपल्या लेखात सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन भागांत होतो असे छापले आहे. तो पुरुषांचा नियम. महिलांच्या कॉलेज सामन्यात २०१५-१६ पासून दहा-दहा मिनिटांचे चार पाव असतात, आणि एका पावात संघाचा पाचवा फाउल झाला की प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो मिळतात. बचाव शिकणाऱ्या मुलीसाठी हा तपशील फार महत्त्वाचा आहे. तिची एक घाई सगळ्या संघाला भोवते.)

नातीच्या प्रशिक्षक बाईंनी तिला दोन्ही मुठींत टेनिसचे चेंडू धरून बचाव करायला लावला. मूठ बंद, त्यामुळे हिसकावणे बंद. फक्त पाय हलवायचे आणि छाती समोरचीच्या समोर ठेवायची. हीच कसरत मी माझ्या मुलींकडून करून घेत असे, त्यामुळे तिच्या फोनवरच्या तक्रारी ऐकताना मला मनातून बरे वाटत होते. आपल्या वाचकांनी इथे कबड्डीतला कोपरारक्षक आठवावा: चढाई करणाऱ्याच्या प्रत्येक हुलकावणीला न भुलता, त्याचा पाय खरोखर आत पडेपर्यंत दम धरणारा.

पायांनंतर आली स्क्रीन. प्रतिस्पर्धी संघाची सहा फुटी सेंटर वाटेत खांबासारखी उभी राहते आणि चेंडूवाली तिला घासून निघून जाते. बचाव करणाऱ्या गार्डला क्षणभरात ठरवावे लागते, स्क्रीनच्या वरून जायचे की खालून. खालून जाणे सोपे, पण चेंडूवाली चांगली नेमबाज असेल तर तिला तेवढ्यात तीन गुणांचा फटका मारायला मोकळीक मिळते. वरून जायचे तर खांदा बारीक करून, दोन शरीरांच्या फटीतून घुसावे लागते आणि अंगावर मार बसतो. म्हणजे निर्णय घ्यायला समोरची मुलगी कशी आहे हे आधी माहीत हवे. त्यासाठी चित्रफिती बघणे आले: कोण उजव्या हाताची, कोण डाव्या बाजूला नेली की अडखळते, कोण दोन ड्रिबलनंतर थांबून फेकते. नातीच्या वहीत अशी पाने भरलेली मी पाहिली आहेत, आणि तिच्या अभ्यासाच्या वह्या मला ठाऊक असल्यामुळे सांगते, इतकी नीट वही तिने दुसऱ्या कशाची ठेवलेली नाही.

मात्र सगळ्यात उशिरा जमले ते बोलणे. बचावात तोंड सतत चालू लागते. स्क्रीन कुठून येते आहे, मदतीला कोण आहे, कोण कोणाला घेते आहे, हे ओरडून सांगावे लागते, कारण चेंडूवर असलेल्या मुलीला पाठीमागचे दिसत नाही. आमची नात मुळात अबोल. चौथ्या वर्षाच्या मुलींवर ओरडायचे कसे, या संकोचात तिचे पहिले दोन महिने गेले. जानेवारीत एका सामन्यात प्रेक्षकांतून मला तिचा आवाज पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आला. त्या दिवशी तिने किती गुण केले हे मला आज सांगता येणार नाही.

चेंडू हातात नसलेल्या मुलीवर लक्ष ठेवणे हे तर आणखी वेगळे प्रकरण. एक डोळा चेंडूवर, एक आपल्या मुलीवर. सहकारी मागे पडली तर आत मदतीला जायचे आणि पास बाहेर गेला की पुन्हा धावत आपल्या मुलीकडे यायचे. शेवटची काही पावले लहान टाकायची, एक हात वर, तोल मागे. नाहीतर ती मुलगी फेकण्याची हूल देते आणि आपण वाऱ्यावर निघून जातो. २०२१-२२ मध्ये महिलांची तीन गुणांची रेषा २० फूट ९ इंचांवरून २२ फूट १.७५ इंचांवर गेली. नेमबाजाला लांबून फेकावे लागते एवढेच लोकांच्या लक्षात आले. पण बचाव करणारीलाही प्रत्येक वेळी तितके जास्त अंतर कापावे लागते.

फेब्रुवारीतला एक प्रसंग सांगते. सामना अटीतटीचा, शेवटची दोनेक मिनिटे, आणि प्रशिक्षक बाईंनी नातीला मैदानात पाठवले ते समोरच्या संघाच्या सर्वोत्तम गार्डवर. नोव्हेंबरात अशाच वेळी तिला बाहेर काढत असत. त्या गार्डला तिने उजवीकडे जाऊच दिले नाही. स्क्रीन आली, ही वरून निघाली. पुन्हा आली, पुन्हा वरून. हात एकदाही घातला नाही. चेंडू दुसरीकडे गेला, परत आला, आणि चेंडू फेकण्यासाठी मिळणारे ३० सेकंदांचे घड्याळ संपले तेव्हा त्या गार्डच्या हातात चेंडू तसाच होता. पंचांची शिट्टी, चेंडू आमचा.

आता या अर्ध्या मिनिटाची नोंद कुठे झाली ते पाहा. घड्याळ संपल्याचा टर्नओव्हर (चेंडू गमावल्याची नोंद) प्रतिस्पर्धी संघाच्या खात्यात गेला. नातीच्या नावापुढे काहीच आले नाही. स्टील (हिसकावलेला चेंडू) नाही, ब्लॉक (अडवलेली फेक) नाही, रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेला चेंडू) नाही. उलट एखादी मुलगी प्रत्येक पासवर झेप घेत असेल तर तिच्या नावावर तीन स्टील लागतात. तिची झेप फसल्यामुळे मागे चार जणींना पाच जणींशी झुंजावे लागले, हे कोणी लिहून ठेवत नाही. चेंडूला किती वेळा बोट लागले याचा तक्ता अनेक प्रशिक्षक स्वतः ठेवतात, कारण अधिकृत नोंदीत तो रकानाच नसतो. हिडाल्गोचे मोठेपण यातच आहे. तिच्या झेपा फसतात फार कमी. पण तिच्याकडे पाहून प्रत्येक नव्या मुलीने झेप घ्यायला सुरुवात केली तर संघ बुडेल.

आता रेव्हन जॉन्सन. साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या संघातून खेळलेली ही गार्ड आमच्या गावची लाडकी, तेव्हा थोडी आपुलकी लेखणीत उतरली तर समजून घ्यावे. कॉलेजात आल्यावर पहिल्याच हंगामाच्या सुरुवातीला, २०२१ च्या नोव्हेंबरात, तिचा गुडघा दुखावला आणि ते वर्ष गेले. ते वर्ष तिच्या खेळण्याच्या चार वर्षांत धरले गेले नाही. त्यामुळे २०२२-२३ मध्ये ती मैदानात उतरली तेव्हा नियमाने पहिल्या वर्षाचीच होती. त्या संघात बचावाची मुख्य जबाबदारी ब्रिया बील या अनुभवी खेळाडूकडे होती आणि रेव्हनला तिच्याजवळ राहून शिकायला मिळाले. ३१ मार्च २०२३ ला डॅलसमध्ये उपांत्य सामना झाला. तोवर एकही सामना न हरलेला साउथ कॅरोलायनाचा संघ आयोवाकडून ७७-७३ असा हरला, क्लार्कने ४१ गुण केले आणि रेव्हन मोकळी उभी असताना क्लार्कने हाताने 'सोडा तिला' अशी, म्हणजे तिच्या नेमाची भीती नाही अशी, खूण केली. ती चित्रफीत जगभर फिरली.

वर्षभराने, ७ एप्रिल २०२४ ला, क्लीव्हलंडमध्ये अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोन संघ समोर आले. क्लार्कने पहिल्या पावात १८ गुण केले. पुढच्या तीन पावांत मिळून १२. या काळात तिच्यामागे मुख्यतः रेव्हन लागलेली होती, आणि मध्यंतराच्या जरा आधी तिने क्लार्कच्या हातून चेंडू काढून घेतला, तो तर सगळ्यांनी पाहिला. साउथ कॅरोलायना ८७-७५ ने जिंकली, हंगामाचा हिशेब ३८-०. रेव्हनचे स्वतःचे गुण मोजकेच होते.

आपण त्या सामन्याची बातमी सूड या मथळ्याखाली दिली होती. रेव्हनने स्वतःही त्या हंगामाबद्दल तशीच भाषा वापरली होती, त्यामुळे मथळ्याला माझी हरकत नाही. पण मथळ्याखाली काय घडले ते यायला हवे होते. अपमान आठवून मुलगी पहाटे व्यायामाला उठेल, पण स्क्रीनच्या वरून केव्हा जायचे आणि हात केव्हा आवरायचा हे अपमान शिकवत नाही. ते शिकवले गेले आणि तिने वर्षभर गिरवले. तिच्या तिथल्या प्रशिक्षक डॉन स्टेली स्वतः साडेपाच फुटी गार्ड होत्या आणि १९९६, २००० आणि २००४ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांनी खेळाडू म्हणून जिंकली आहेत. त्यांच्या हाताखाली बचाव न करणारी गार्ड मैदानात टिकत नाही, हे इथे सामने बघणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आपला अंक शाळकरी मुली वाचतात. दूरच्या देशातल्या खेळाडूंची छायाचित्रे कापून कपाटाच्या दाराला लावणाऱ्या मुली मी वर्गात पाहिल्या आहेत. त्या छायाचित्रांत नेहमी चेंडू फेकणारी मुलगी असते. गुडघे वाकवून, हात पसरून उभी असलेली मुलगीही छापावी, एवढे माझे पहिले मागणे आहे.

दुसरे मागणे आपल्या प्रतिनिधीसाठी. नवा हंगाम नोव्हेंबरात सुरू होईल. त्यांनी एखाद्या संघातली पहिल्या वर्षाची एक गार्ड निवडावी आणि मार्चपर्यंत तिचा फक्त बचाव पाहावा: तिला कोणावर लावले जाते, फाउल कमी होत आहेत का, सामन्याच्या शेवटच्या मिनिटांत ती मैदानात असते की बाकावर. महिन्याला चार ओळी पुरेत. कोणावर नजर ठेवावी याची दोन-चार नावे मी ऑक्टोबरात कळवीन, कारण तोवर इथे सराव सुरू झालेला असतो.

आपली वाचक,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
कोलंबिया, साउथ कॅरोलायना