‘पब्लिक पर्पज’ म्हणजे नक्की कुणाचं काम?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात आतल्या पानावर बारीक टायपात भूसंपादनाच्या जाहीर नोटिसा येतात, बहुतेक जण ते पान उलटून पुढे जातात, पण ज्याची जमीन जाणार असते तो मात्र गट नंबर बोटाने शोधत बसतो. त्या नोटिशीत एक शब्द हमखास असतो, ‘सार्वजनिक प्रयोजन’, म्हणजे इंग्रजी कायद्यातलं पब्लिक पर्पज. मला त्याबद्दलच लिहायचंय, कारण आमच्या रायगडात किती घरांचं नशीब या दोन शब्दांवर फिरलंय ते इथल्या माणसाला सांगायला नको.

पर्पज म्हणजे कशासाठी, इतकं साधं आहे. उत्तर पण तसंच यायला पाहिजे, धरणासाठी, रस्त्यासाठी, शाळेसाठी. पण इंग्रजांच्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात पब्लिक पर्पजमध्ये काय काय येतं तेवढंच लिहिलं होतं, काय येत नाही ते मोकळंच, आणि वर कलम ६ असं की सरकारने एकदा जाहीर केलं की तोच पक्का पुरावा, मग शेतकऱ्याने दाद मागायची तरी कुठे? १९२१ ला मुळशीत सेनापती बापट लोकांना घेऊन बसले ते याच रागातून, वीज मुंबईला जाणार, धरण टाटा कंपनीचं, आणि बुडणार मावळ्यांची भातखाचरं. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या तेव्हाही कारण सार्वजनिकच होतं, पण १९८४ च्या जानेवारीत जासईला दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला, त्यानंतर साडेबारा टक्क्यांचा हक्क, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क, पदरात पडला. शहर पब्लिकसाठी, मग ज्यांची जमीन गेली ते पब्लिक नाहीत का, एवढंच लोक विचारत होते.

अमेरिकेतही हेच झालंय. तिथल्या घटनेत शब्द आहे पब्लिक यूज, म्हणजे लोकांच्या वापरासाठी. २००५ मध्ये न्यू लंडन गावच्या केलो खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने त्याचा अर्थ पब्लिक पर्पज असा मोकळा लावला, गावाची आर्थिक भरभराट हाही पर्पज धरला आणि लोकांची राहती घरं गेली. पुढे तो प्रकल्प झालाच नाही, जागा कित्येक वर्षं मोकळी पडली. त्या निकालावर लोक इतके भडकले की बऱ्याच राज्यांनी आपापले कायदे कडक केले.

आपल्याकडे २०१३ चा नवा भूसंपादन कायदा आला, १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, आणि तो खरंच चांगला आहे हे मी मनापासून म्हणतो. पब्लिक पर्पजची यादी दिली, कलम ११ च्या नोटिशीत कामाचं स्वरूप सांगणं बंधनकारक केलं, हरकतीला ६० दिवस दिले, कलम ९९ ने ठरलेलं काम बदलायला मनाई केली, आणि कलम १०१ तर म्हणतं की ताबा घेतल्यापासून ५ वर्षं जमीन वापरलीच नाही तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या लँड बँकेला, म्हणजे पडून असलेल्या सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या यंत्रणेला, परत. आता हा ‘किंवा’ बघा. तो ‘किंवा’ शेतकऱ्याच्या बाजूने कोण वाचणार? आणि हे सगळं नव्या कायद्याखाली घेतलेल्या जमिनीला, जुन्या कायद्याने गेली त्यांना या कलमाचा आधार नाही.

आमच्या काकांची जमीन अशीच जुन्या कायद्यात गेली. आज तिथे तारेचं कुंपण आहे, आत बाभळी माजल्यात, आणि गंजलेल्या पत्र्यावर फक्त ‘शासकीय जागा, प्रवेश बंद’. कशासाठी घेतली ते त्या पत्र्यावर नाही, ऑफिसात विचारलं तर फाईल वरच्या ऑफिसला गेली म्हणतात. काका भरपाई कमी म्हणून रडत नाहीत, त्यांचं म्हणणं एकच, धरण झालं असतं, दवाखाना झाला असता तर मी गप्प बसलो असतो.

म्हणून महसूल खात्याला जाहीर विनंती आहे, प्रत्येक तालुक्यात संपादित पण न वापरलेल्या जमिनींची यादी तहसील कचेरीच्या बोर्डावर आणि वेबसाइटवर लावा, जुन्या-नव्या दोन्ही कायद्यांच्या. गट नंबर, ताब्याची तारीख आणि घेताना सांगितलेलं काम, एवढे तीन रकाने पुरेत. आणि संपादक साहेब, कायद्याने या नोटिसा दोन पेपरात छापाव्याच लागतात, त्यातला एक तरी इथल्या भाषेतला, तेव्हा ज्या नोटिशीत नुसतंच सार्वजनिक प्रयोजन लिहिलंय आणि काम काय ते नाही, तिची बातमी करून पहिल्या पानावर लावा.

आपला,
एक वाचक, जि. रायगड