‘हेवन्स गेट’चा दोष एकट्या दिग्दर्शकाच्या माथी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘हेवन्स गेट’ या १९८० सालच्या अमेरिकन चित्रपटावर आलेला लेख वाचला. मायकेल चिमिनो या दिग्दर्शकाच्या हट्टापायी युनायटेड आर्टिस्ट्स ही चित्रपट कंपनी बुडाली, असा त्याचा एकंदर सूर आहे. चिमिनोंचा हट्ट कुणीच नाकारणार नाही. परंतु तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्या हाती होत्या, त्यांच्याबद्दल लेखात एक ओळही नसावी, हे मला अन्यायाचे वाटते.

१९७८ मध्ये ट्रान्सअमेरिका या मालक कंपनीशी मतभेद झाल्यामुळे कंपनीचे प्रमुख आर्थर क्रिम आणि त्यांचे अनुभवी सहकारी युनायटेड आर्टिस्ट्समधून बाहेर पडले आणि त्यांनी ओरायन ही नवी संस्था काढली. त्यांच्या जागी आलेल्या अधिकाऱ्यांना आपली पत लवकरात लवकर सिद्ध करायची होती. १९७९ च्या एप्रिलमध्ये ‘द डिअर हंटर’ या आधीच्या चित्रपटासाठी चिमिनोंना ऑस्कर मिळाले आणि त्याच महिन्यात मोंटानात ‘हेवन्स गेट’चे चित्रीकरण सुरू झाले, तेव्हा त्यांना ‘नाही’ म्हणण्याचे धैर्य कुणात उरले नव्हते. त्या वर्षीच्या नाताळात चित्रपट झळकावा म्हणून होणारा जादा खर्च अंदाजपत्रकाबाहेरचा धरला जाणार नाही, हे तर कंपनीने करारातच मान्य केले होते. नायिका म्हणून फ्रेंच अभिनेत्री इझाबेल ह्युपेर यांच्या निवडीला अधिकाऱ्यांचा विरोध होता, पण तिथेही त्यांनी अखेर माघार घेतली.

पुढे जे घडले ते याच माघारीचे फळ होते. पहिल्या सहा दिवसांतच काम पाच दिवसांनी मागे पडले. सेट म्हणून उभारलेला रस्ता चिमिनोंना अरुंद वाटला. एकाच बाजूची घरे पाडून सहा फूट मागे घेतली तर खर्च वाचेल, असे सेट बांधणाऱ्यांनी सुचवले; पण दोन्ही बाजू पाडून प्रत्येकी तीन फूट मागे घ्याव्यात, हाच आग्रह त्यांनी धरला आणि तो पुरवला गेला. तेरा लाख फुटांच्या आसपास फिल्म खर्ची पडली. सुमारे १ कोटी १६ लाख डॉलरचा अंदाज ४ कोटी ४० लाखांच्या घरात गेला. एवढा खर्च कुणाच्या नकळत होत नाही; प्रत्येक टप्प्यावर पैसे मंजूर करणारा कुणीतरी होताच.

एका बाबतीत मात्र चिमिनोंची बाजू घेता येणार नाही, आणि ती म्हणजे प्राण्यांचे झालेले हाल. कोंबड्यांच्या खऱ्याखुऱ्या झुंजी चित्रित केल्या गेल्या, घोडे जखमी झाल्याच्या आणि दगावल्याच्या तक्रारी आल्या, प्राणिमित्र संघटनेने निदर्शने केली. चित्रीकरणातील प्राण्यांवर देखरेख ठेवण्याची तरतूद कलाकार आणि निर्माते यांच्यातील करारात झाली, ती या संतापातूनच. आपल्या लेखात याचा उल्लेखही नाही, याचे अधिक वाईट वाटले.

नोव्हेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये ३ तास ३९ मिनिटांचा हा चित्रपट दाखवला गेला आणि समीक्षकांनी तो अक्षरशः झोडपला. तो मागे घ्यावा, अशी विनंती स्वतः चिमिनोंनी केली. १९८१ च्या एप्रिलमध्ये कापून अडीच तासांचा केलेला चित्रपटही चालला नाही. किंमत मोजली ती बहुतेकांनी. चित्रपटाचे नायक क्रिस क्रिस्टोफरसन यांना प्रमुख भूमिका मिळणे जवळपास थांबले. खर्च मंजूर करण्यात किंवा रस्ता पाडण्यात त्यांचा काय हात होता? निर्मितीची जबाबदारी सांभाळणारे स्टीव्हन बाख यांची नोकरी गेली. चिमिनोंना पुढचा चित्रपट मिळायला १९८५ उजाडले आणि १९९६ नंतर त्यांना पूर्ण लांबीचा एकही चित्रपट करता आला नाही. त्याहून दूरगामी परिणाम असा झाला की, सत्तरच्या दशकात अमेरिकन दिग्दर्शकांनी मिळवलेले स्वातंत्र्य स्टुडिओंनी याच उदाहरणाकडे बोट दाखवत आवळले. आपल्या चुकलेल्या करारांकडे बोट दाखवायला मात्र कुणी तयार नव्हते.

शेवटी लेखातील एक दुरुस्ती. चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, फेअरबँक्स आणि ग्रिफिथ यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली युनायटेड आर्टिस्ट्स ‘बुडाली’ नाही. १९८१ मध्ये ट्रान्सअमेरिकाने ती एमजीएम या दुसऱ्या चित्रपट कंपनीला विकली. विमा व्यवसायातील त्या बलाढ्य मालकाला तोटा सोसणे अशक्य नव्हते, त्याला चित्रपटांच्या धंद्यात राहायचे नव्हते. एवढी दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा