आई, शंख आणत नाहीये

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा आमच्या बेटावर बोट आली. सामान उतरवून उद्या परत जाईल, तिच्याबरोबर हे पत्र देतेय. पुढची कधी येईल ते समुद्रावर अवलंबून. म्हणून फोनवर बोलायचं राहून जातं ते आज सगळं लिहून काढते.

आई, आधी तुझा शंख. तू निघताना म्हणाली होतीस ना, येताना एखादा छानसा आण म्हणून? सापडला होता गं. मुठीएवढा, वरून मळकट, पण आतून फिकट गुलाबी, आणि कडेला एक टवकासुद्धा उडालेला नाही. आत कुणी नाही ना, हे दोनदा उलटा करून पाहिलं आणि खिशात टाकला. तीन दिवस उशाशी होता. झोपताना त्याच्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवायचे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्यावर शंखातले खेकडे दिसले, मोठ्यापासून छोट्यापर्यंत रांगेनं उभे. यांचं पोट मऊ असतं, त्यावर कवच नसतं, त्यामुळे रिकामा शंख हेच त्यांचं घर. अंग वाढलं की मोठं घर हवं. एक मोठा शंख मिळाला की सगळ्यात मोठा खेकडा त्यात शिरतो, त्याचा जुना शंख दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, अशी बघता बघता सगळ्या रांगेची सोय होते. त्या रांगेतल्या शेवटच्याच्या पाठीवर शंख नव्हता, बाटलीचं निळं बूच होतं. पाय आखडून घेतले तरी अर्धं अंग बाहेरच राहत होतं. मी तशीच तंबूत पळाले आणि शंख आणून वाळूवर ठेवला.

हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर प्लास्टिकच्या बाटल्या-डब्यांत अडकून ५ लाखांहून जास्त खेकडे मेले असावेत, असा अंदाज २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. एक आत मेला की त्याच्या वासावरून बाकीच्यांना वाटतं, घर रिकामं झालं, आणि तेही आत शिरतात. हे मी वाचलं होतं, तरी शंख खिशात गेलाच. इथले मोह असेच, दिसायला अगदी एवढेएवढेसे.

पाण्याचंच बघा. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. जास्त उपसलं की खालचं खारं वर चढतं, म्हणून आंघोळीला प्रत्येकी अर्धीच बादली. खारट अंगानं दिवसभर वावरल्यावर अर्ध्या बादलीत भागत नाही. एकदा मी दुसरी अर्धी घेतली. कुणी पाहिलं नाही, पण रात्रभर डोक्यातून जात नव्हतं.

आणि टॉर्च! हिरव्या कासवाच्या एका घरट्यात शंभरेक अंडी असतात, पिल्लं बाहेर यायला दोनेक महिने लागतात. मी मोजलेल्या घरट्यातून ती निघाली तेव्हा मिट्ट काळोख होता, नुसती वाळूची खसखस ऐकू येत होती. पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात, म्हणून दिवा लावायचा नाही. अंगठा बटणावर होता, बाबा. एक क्षण तरी बघावं असं फार वाटलं. नाही लावला. एक पिल्लू माझ्या पावलावरून गेलं, ओलसर, नाण्याएवढ्या वजनाचं वाटलं.

सगळ्यात मोठा मोह फोनचा. सॅटेलाइट फोन सगळ्यांत मिळून एकच, आठवड्याला माणशी दहा मिनिटं. मागच्या वेळी बाबा दर वाक्याला खोकत होते आणि आई, तू म्हणालीस, "काही नाही गं, हवा बदललीय." माझी मिनिटं संपत आली होती. मागे उभ्या असलेल्याच्या बायकोला नववा महिना लागलाय. तरी पाठ फिरवून बोलत राहावं असं वाटत होतं. मग फोन त्याच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन रडले.

उद्याच्या बोटीत एक जागा रिकामी आहे. तीन घरट्यांतली पिल्लं अजून निघायचीत, म्हणून थांबतेय. मला काळजी नको म्हणून "सगळं ठीक" म्हणायचा मोह तुम्हालाही होतो, ठाऊक आहे मला. पण या वेळी डॉक्टर काय म्हणाले, बाबांना रात्री झोप लागते का, जिना चढताना दम लागतो का, हे जसं आहे तसं लिहा. यायला हवं असेल तर पुढच्या बोटीनं निघते.

तुमची,
धाकटी