पोत्यातलं बी जिवंत असतं का?

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "बाबा, पोत्यातलं सोयाबीन सजीव की निर्जीव?" धारा काढायची घाई होती, म्हणून नुसतं "सजीव" म्हणून मोकळा झालो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

तुमच्या पुस्तकात सजीवांची लक्षणं दिलीत : वाढ, हालचाल, श्वसन, उत्सर्जन, चेतनाक्षमता, प्रजनन, पेशी वगैरे. ती खरीच आहेत. पण एकेक लक्षण सुटं धरून तपासायला गेलीस की अडशील. चुलीतला जाळ बघ. लाकूड खातो, हवेतला ऑक्सिजन घेतो, पसरतो, मागं राख ठेवतो. तरी तो जिवंत नाही, त्याला पेशीच नाहीत. उलट आपला सर्जा खच्ची केलेला बैल, त्याला वासरू होणार नाही. म्हणून त्याला निर्जीव कोण म्हणेल?

आता सोयाबीन. पोत्यात ते वाढत नाही, हलत नाही. पण श्वास घेतं, अगदी मंद. मालात ओल राहिली की पोत्यात हात घालून बघ, आत गरम लागतं. ओलीनं दाण्याचा श्वास वाढतो, बुरशीही धरते, आणि ती ऊब त्या दोघांच्या श्वसनाची असते. त्यात दाण्याजवळची शिदोरी संपत जाते आणि तो मरतो. पोतं आपटलं की मी चिडतो ना, तेही यासाठीच. सोयाबीनची साल पातळ, अंकुर तिला लागूनच असतो. मार बसला की गेला.

काही बिया मात्र फार तग धरतात. इस्राएलमध्ये मसाडा किल्ल्यावर सापडलेली सुमारे 2000 वर्षांपूर्वीची खजुराची बी 2005 साली लावली आणि ती उगवली! आपलं सोयाबीन पुढच्या हंगामापर्यंत टिकलं तरी खूप.

आणखी एक. पीक फुलावर असताना रोप उपटून मुळावरची गाठ नखानं फोड. आत लालसर दिसेल. ते लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भाऊबंद. गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात, आणि त्यांना ऑक्सिजन बेताबेतानं पोचवायचं काम हे द्रव्य करतं. सोयाबीनच्या मुळात आपल्या रक्ताचं नातं निघावं, याचं मला अजून नवल वाटतं.

पण दाणा जिवंत आहे की मेला, हे नुसतं बघून कळत नाही. एका वर्षी विकत आणलेलं बियाणं टपोरं, पिवळंधमक होतं. उगवलंच नाही. दुबार पेरणी करावी लागली, तुझ्या आईनं तेव्हा कसा संसार रेटला ते मलाच माहीत. तेव्हापासून घरचं बी राखतो आणि पेरणीआधी उगवण तपासतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत 100 दाणे मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, पाणी शिंपडत राहायचं, आठवड्यानं मोजायचं. 70 तरी उगवले तर एकरी 30 किलो पेरायला हरकत नाही.

काल गोणपाट उलगडलं. 82 दाण्यांना मोड आलेत, 18 कुजले. मांडताना एकेक दाणा माझ्या बोटांतून गेला होता. तेव्हा त्या 18 मधला एकही मला वेगळा वाटला नव्हता.

खोकला गेला का, ते आईला कळव.

तुझे,
बाबा