ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला न चालणाऱ्या स्प्रिंगा बसवल्याबद्दल तक्रार

प्रति,
मालक व व्यवस्थापक,
सस्पेन्शन आणि परफॉर्मन्स पार्ट्सचं दुकान, डेट्रॉइट परिसर

विषय: डॉज डुरांगो एसआरटी खाली घेताना दिलेली चुकीची हमी आणि नुकसानभरपाई

स. न. वि. वि.

पहिल्या दिवसापासून आपण मराठीतच बोललो, म्हणून पत्रही मराठीत लिहितो आहे. इंग्रजी प्रत, बिल, वर्क ऑर्डर, दुसऱ्या दुकानात केलेल्या अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकांच्या कोनांच्या, तपासणीचा कागद आणि फोटो सोबत जोडले आहेत.

मे महिन्यात मी माझी २०१९ ची डुरांगो तुमच्याकडे आणली. ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन, ४७५ अश्वशक्ती, आणि कंपनीच्या आकड्यानुसार ८,७०० पौंडांपर्यंतचा ट्रेलर ओढण्याची ताकद. मी ती याच दोन्ही गोष्टींसाठी घेतली. एक गाडी मजेसाठी आणि दुसरी कॅम्पर, म्हणजे मुक्कामाचा ट्रेलर, ओढायला, असं मला परवडत नाही. काउंटरवर मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की माझा कॅम्पर भरल्यावर ६,००० पौंडांच्या आसपास जातो आणि उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा तरी तो मागे असतो. वळणावर गाडी कलते ते थोडं कमी व्हावं, चाकावरची मोकळी जागा थोडी भरावी, एवढीच माझी इच्छा होती. एक इंच खाली आली तरी पुरे, हे माझे शब्द. "टोइंग करतो", म्हणजे ट्रेलर ओढतो, ही नोंद वर्क ऑर्डरवर तुमच्याच माणसाच्या हस्ताक्षरात आहे.

तुम्ही मला "टोइंगलाही बिनधास्त" म्हणून गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगांचं किट दिलं. गाडी हातात आली तेव्हा मागची बाजू पावणेदोन इंच खाली होती.

रिकामी गाडी छान चालत होती, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. गाडीचा भार जमिनीजवळ आल्यानं हायवेच्या रॅम्पवर ती पूर्वीपेक्षा घट्ट बसायची. पहिले तीन आठवडे मी खूश होतो आणि मित्रांना तुमचं नावही सुचवलं. त्याबद्दल आज मला वाईट वाटतं.

कॅम्पर जोडला तेव्हा खरा प्रकार कळला. माझ्या कॅम्परचं टंग वेट, म्हणजे तो हिचवर, गाडीच्या मागच्या जोडणीवर, टेकवतो तो भार, ७२० पौंड आहे. ट्रक स्टॉपच्या काट्यावर मी दर हंगामात तपासतो, अंदाजानं बोलत नाही. मूळ स्प्रिंगांवर एवढा भार आला की मागची बाजू सुमारे दोन इंच बसायची आणि खड्डे झेलायला त्याखाली अजून जागा उरायची. तुम्ही पावणेदोन इंच आधीच काढून घेतले. त्यात तुमच्या माणसानं बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर ज्यावर टेकतं ते रबरी ठोकळे, कापून मूळपेक्षा लहान केले. भार आल्यावर मागचं सस्पेन्शन त्या कापलेल्या रबरावरच टेकतं. एकदा ते टेकलं की स्प्रिंगचं काम संपतं आणि प्रत्येक धक्का सरळ बॉडीत जातो. मागची बाजू आदळते, पुढची उचलली जाते, स्टीअरिंग हलकं होतं. रात्री समोरचे लोक दिवे मारायला लागले तेव्हा कळलं की माझे हेडलाइट आकाशाकडे पाहत होते.

जुलैमध्ये आई-बाबा साताऱ्याहून आले होते. त्यांना मॅकिनॉ पूल दाखवायचा म्हणून आम्ही आय-७५ हायवेवरून उत्तरेला निघालो. पाच मैलांचा तो पूल १९५७ साली सुरू झाला. दोन सरोवरांच्या मधोमध असल्यानं तिथे वारा कायम असतो. पुलाच्या आतल्या लेनला पोलादी जाळी आहे, म्हणून मी बाहेरच्या लेनमध्ये होतो, वेग ताशी ४५ मैलांच्या आत. पुलाच्या सांध्यांवर गाडीचं बूड एकामागून एक आदळत होतं. एका झोतात कॅम्पर डोलला आणि स्टीअरिंग फिरवूनही गाडी क्षणभर ऐकेना. बाबा काही बोलले नाहीत. आईनं माझ्या मुलीचा हात धरून ठेवला होता. मी हळू होत कसाबसा पलीकडे पोहोचलो आणि बाजूला थांबलो. हा प्रसंग तुमच्यापर्यंत पोहोचावा म्हणून मी हे पत्र लिहायला बसलो.

त्या दिवशी फोन केला तर तुमच्या माणसानं सांगितलं की वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे बार आणखी ताणा, मागची बाजू वर येईल. हा सल्ला धोक्याचा आहे. बार भाराचा काही हिस्सा पुढच्या चाकांकडे नेतात, पण ते स्प्रिंगची हरवलेली जागा परत आणत नाहीत. नको तितके ताणले तर हिचच्या रिसीव्हरवरच, म्हणजे हिच ज्यात बसतो त्या गाडीच्या भागावरच, ताण येतो आणि मागच्या चाकांची पकड कमी होते. ज्यावर कॅम्पर अडकतो त्या हिचच्या बॉलची उंची तर तुम्ही तपासलीच नाही. गाडी खाली आली की बॉलही खाली येतो. तो एक भोक वर घेऊन नीट बसवायचं काम मी स्वतः केलं.

नंतर दुसऱ्या दुकानात गाडी तपासली. मागचा कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कलण्याचा कोन, उणे २.६ अंश निघाला, म्हणजे चाकं वरून आत कललेली, आणि टायरची आतली कडा तारेपर्यंत झिजलेली. तुम्ही अलाइनमेंटचे पैसे घेतले आहेत, पण मापांचा कागद मला कधीच मिळाला नाही. त्याच दुकानदारानं किटच्या खोक्यातला माहितीचा कागद मला दाखवला. त्यावर स्पष्ट लिहिलं आहे की ज्या गाडीनं ट्रेलर ओढायचा, तिला हे किट बसवू नये. हा कागद तुमच्याकडे असणारच. तुम्हाला माझा वापर ठाऊक होता, किटची अट ठाऊक होती, तरी तुम्ही विकलं. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

वॉरंटीबद्दल तुम्ही म्हणालात की कायदा ग्राहकाच्या बाजूनं आहे. वॉरंटीबद्दलचा १९७५ चा अमेरिकी मॅग्नुसन-मॉस कायदा मी वाचला. बाहेरचा भाग लावला एवढ्याच कारणावरून वॉरंटी नाकारता येत नाही, हे खरं. पण त्या भागामुळे झालेलं नुकसान कंपनीनं भरलंच पाहिजे असं त्यात कुठेही नाही. हा दुसरा अर्धा भाग तुम्ही मला सांगितला नाही.

माझ्या मूळ स्प्रिंगा परत हव्यात असं मी आधीच म्हटलं होतं. त्या भंगारात गेल्या असं तुमच्याकडून कळलं. आता कंपनीच्या नव्या स्प्रिंगा आणि चारही नवे बंप स्टॉप तुमच्या खर्चानं बसवून द्या. किटचे ४८० डॉलर, मजुरीचे ६५०, अलाइनमेंटचे १४० आणि मागच्या दोन टायरांचे ७२०, एकूण १,९९० डॉलर परत करा. आणि हे किट टोइंग करणाऱ्या कुणालाही विकू नका. लहान मुलं घेऊन कॅम्पर ओढणारे आपलेच कितीतरी लोक तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून येतात.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. नाही आलं तर मी राज्याच्या ग्राहक तक्रार विभागाकडे आणि स्मॉल क्लेम्स कोर्टात जाईन. ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

गाडी मी कुठल्याही शनिवारी आणून देईन. स्प्रिंगा बदलताना मात्र मी लिफ्टजवळ उभा राहीन, आणि अलाइनमेंटचा कागद हातात आल्यावरच निघेन.

आपला,
वर्क ऑर्डरवर नाव असलेला ग्राहक

सोबत: वर नमूद केलेली कागदपत्रं आणि काट्याच्या दोन पावत्या