तान्ह्यांची पाळणाघरं घराजवळ हवीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात मी १९९८ पासून राहत्या घरी पाळणाघर चालवते. बाळंतपणाची रजा संपत आलेली एखादी आई दारात येते आणि चपला काढायच्या आधीच विचारते, ‘काकू, सहा महिन्यांचं घ्याल ना?’ माझ्याकडे येण्याआधी ती आणखी दोन-चार ठिकाणी जाऊन आलेली असते. सगळीकडे तिला एकच उत्तर मिळालेलं असतं, ‘चालायला लागलं की आणा.’ काही ठिकाणी तर ‘शी-शू सांगायला लागलं की.’ म्हणजे दोन-अडीच वर्षं. तोवर तिने काय करायचं?

बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. त्याचा फरक मी स्वतः पाहिला आहे. पूर्वी माझ्याकडे नीट मान न धरणारी बाळं यायची आणि आई जिन्यावरच रडत उभी असायची. आता निदान पालथी पडणारी, आवाज ओळखणारी बाळं येतात. पण या २६ पैकी ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टरांनी घरी बसवलेल्या बाईचे ते तेव्हाच संपतात आणि ती कामावर हजर होते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं. शिवाय हे रीतसर नोकरी असणाऱ्यांचं झालं. आमच्या भागातल्या कितीतरी मुली दवाखान्यात रिसेप्शनला, कपड्यांच्या दुकानात, क्लासच्या ऑफिसात असतात. ‘येणार आहेस की दुसरी बघू?’ असा फोन त्यांना बाळाचं बारसं व्हायच्या आत येतो.

तान्ह्यांना नाही म्हणणाऱ्या पाळणाघरवाल्या बायकांना मी नावं ठेवणार नाही. तीन वर्षांची सहा मुलं एक बाई सांभाळू शकते. चटईवर बसवली, पुढ्यात ठोकळे टाकले, गोष्ट सांगितली की तास जातो. तान्ह्यांचं तसं नाही. एकाला वाटी-चमच्याने दूध पाजून खांद्यावर घेतलं, ढेकर यायची वाट बघतेय, तेवढ्यात दुसरं झोपेतून दचकून उठतं. तिसऱ्याचं दुपटं भिजलेलं असतं. प्रत्येकाची भूक वेगळ्या वेळेला, झोप वेगळ्या वेळेला. कुणाला पाळणा लागतो, कुणी मांडीवरच झोपतं. झोपवायचं ते उताणं, आणि मधूनमधून जाऊन छाती हलतेय ना ते बघायचं. एका बाईच्या हाताखाली तीन तान्ही, त्यापुढे चौथं नाही, असा माझा नियम आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई सांगितली आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलांना ते जमेल. दहा तान्ही एका बाईच्या हाती देणाऱ्याने आधी एक दुपार माझ्याकडे येऊन बसावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता पैशांचं. मी तान्ह्याचे महिन्याला सहा हजार घेते. तीन बाळांचे अठरा हजार झाले, त्यातून मदतनीस बाईचा पगार, वीज, गॅस, फिनेल. हातात फारसं काही उरत नाही, म्हणूनच बहुतेक जणी मोठी मुलं घेतात. मी फी वाढवली तर दुकानात बारा-पंधरा हजारांवर काम करणारी आई नोकरीच सोडून देईल. अशा किती जणी घरी बसल्या, ते मला ठाऊक आहे. पुढे दोन वर्षांनी परत कामाला लागायचं म्हटलं तर जुन्या पगारावरही कुणी घेत नाही.

‘कायद्याने पाळणाघर कंपनीनेच द्यायचं असतं ना?’ असं लोक विचारतात. बरोबर आहे. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने ते दिलं पाहिजे, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ दिलं पाहिजे, असं कायदा सांगतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही ५० कामगारांची अट आहे. एक किलोमीटरच्या आतल्या काही आस्थापनांनी मिळून एकच पाळणाघर काढायलाही त्यात मुभा आहे. ज्यांचं घर ऑफिसपासून रिक्षाच्या अंतरावर आहे त्यांच्यासाठी हे उत्तमच, आईला अंगावर पाजताही येतं.

पण मुंबईची बाई कामाला जाते कशी? माझ्याकडच्या एका बाळाच्या आईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) ऑफिसात पाळणाघर आहे, स्वच्छ आहे, तरी बाळ माझ्याकडे आहे. सकाळी साडेआठला विक्रोळीहून स्लो लोकलच्या लेडीज डब्यात शिरायचं, कुर्ल्याला लोंढ्याबरोबर उतरायचं, पुढे शेअर रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं. त्यात छातीशी सहा महिन्यांचं बाळ? एकदा पावसाळ्यात तिने नेऊन पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत माझ्या दारात उभी होती. डब्यातल्या बायका जागा देतात, ‘इकडे दे गं’ म्हणून बाळ मांडीवर घेतात, पण गर्दीच इतकी असते की माणुसकी कमी पडते.

मोबाइल क्रेशेस या संस्थेने १९६९ मध्ये दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी बांधकामाच्या जागीच पाळणाघरं सुरू केली, पुढे ती मुंबईतही आली. तिथे ते चाललं, कारण मजूर बाई जिथे काम करते तिथेच तिचं बिऱ्हाड असतं. डोंबिवलीहून फोर्टला जाणाऱ्या बाईचं तसं नाही. तिचं बाळ डोंबिवलीतच राहायला हवं, जिथे अडीअडचणीला शेजारीण धावून येईल आणि डॉक्टर ओळखीचा असेल.

हे मी २६ जुलै २००५ ला शिकले. त्या दिवशी पावसाने मुंबईत पाणी भरलं, गाड्या बंद पडल्या, फोन लागेनात, वीज गेली. माझ्याकडे पाच मुलं होती, त्यात दोन तान्ही. बाटल्यांतलं दूध संध्याकाळी संपलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींचं स्वतःचं बाळ अंगावर पीत होतं. त्यांनी विचारायचीही वाट न बघता धाकट्याला पदराखाली घेतलं. समोरच्या मेडिकलवाल्याने शटर उघडून पावडरचा डबा दिला, पैसे घेतले नाहीत. एक आई दादरहून रुळांवरून चालत पहाटे पोचली. दाराशी येऊन तिने आधी बाळाच्या पोटाला हात लावून पाहिलं, पोट भरलेलं होतं, मग खाली बसली. बाळ ऑफिसजवळ असतं तर निदान आईजवळ असतं, असं कुणी म्हणेल. पण अडकली ती वाटेत. बाळ कडेवर असतं तर त्या पाण्यातून तिने काय केलं असतं, याचा मला आजही विचार करवत नाही.

घरच्या पाळणाघरांत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात दिसली आणि सगळ्या आयांच्या पोटात गोळा आला. तेव्हापासून प्रत्येक जण आधी कॅमेरा विचारतो. मीही लावला आहे. पण कॅमेरा मार दाखवतो, मार थांबवत नाही. थांबवायचा असेल तर बाईच्या हाताखाली मुलं कमी हवीत, तिला दुपारी अर्धा तास पाठ टेकायला मिळायला हवी आणि तिचा पगार वेळेवर व्हायला हवा. आयांनो, पाळणाघर बघायला जाल तेव्हा एका बाईमागे तान्ही किती ते विचारा. ती बाई आजारी पडली तर कोण येतं, तेही विचारा. दुपारी न सांगता जा. आणि रजा संपायच्या आधीचे पंधरा दिवस हाताशी ठेवा. पहिल्या दिवशी बाळाला तासभरच सोडा, मग दोन तास, मग एक झोप होईपर्यंत. आठ-नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाला बुजतं, त्याला याहून जास्त वेळ लागतो.

इतक्या वर्षांत माझ्या घरी एकही सरकारी माणूस आला नाही. कुणी नोंद मागितली नाही, घासात अडकलं तर तान्ह्याला पालथं कसं धरायचं हे शिकवलं नाही. ते मी एका परिचारिका असलेल्या आईकडून शिकले. अंगणवाडी आहे, तिथे वजन होतं, बाळाचा आहार घरी मिळतो, पण दिवसभर तान्हं ठेवायची सोय आमच्या अंगणवाडीत नाही. केंद्राच्या पाळणा योजनेत अंगणवाडीला पाळणाघर जोडायचं ठरलं आहे. मुंबईत ते भाड्याच्या लहानशा खोलीत कसं बसवणार?

म्हणून माझं मागणं असं, की कंपन्यांनी पाळणाघरावर करायचा खर्च आईने घराजवळ निवडलेल्या नोंदणीकृत पाळणाघरालाही देता यावा. तान्ह्यांसाठी तो जास्त असावा, म्हणजे त्यांना कुणी नाही म्हणणार नाही. ५० पेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी काम करणाऱ्या आईसाठी तो भार शासनाने उचलावा. नोंदणी वॉर्ड ऑफिसात व्हावी आणि प्रशिक्षण पालिकेच्या प्रसूतिगृहात द्यावं, तिथल्या सिस्टरना सगळं येतं.

आणखी एक. आमच्या वसाहतीचा पुनर्विकास चालू आहे. जुन्या तळमजल्यांवरची पाळणाघरं एकेक करून बंद पडली, कारण त्या बायका भाड्याने लांब राहायला गेल्या. नव्या टॉवरमध्ये व्यायामशाळा आहे, सोसायटीचं ऑफिस आहे, पाळणाघर म्हटलं की ‘हा धंदा आहे, इथे चालणार नाही’ म्हणून ठराव होतो. नव्या इमारतीचा आराखडा मंजूर करतानाच तळमजल्यावर पाळणाघरासाठी एक हवेशीर खोली राखून ठेवायची अट घालावी. आमच्या इमारतीचा नंबर लवकरच लागेल. माझ्याकडच्या तीन तान्ह्यांना तोवर कुठे ठेवायचं, हे त्यांच्या आया मला रोज विचारतात.

आपली,
एक पाळणाघरचालक,
कन्नमवारनगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई