सोयाबीनचा वाण शेजाऱ्याच्या खळ्यावरून ठरवू नका

महोदय,

पेरणी तोंडावर आली की ‘रोगाला बळी पडत नाही’ एवढ्या शब्दावर सोयाबीनच्या बॅगा खपतात. कोणत्या रोगाला, हे विचारलेच पाहिजे.

सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मुख्य दुखणे तांबेऱ्याचे, म्हणजे पानांवर तांबूस ठिपके पाडणाऱ्या बुरशीचे. कसबे डिग्रज कृषी संशोधन केंद्राचे फुले संगम (केडीएस-७२६) आणि फुले किमया (केडीएस-७५३) हे वाण तिथे टिकतात. विदर्भात मात्र पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक हा विषाणूरोग रान पिवळे करतो, आणि तांबेरा सोसणारा वाण मोझॅकही सोसेलच असे नाही. शिवाय संगमला शंभराहून जास्त दिवस लागतात. मुरमाड रानात सप्टेंबरात पावसाने उघडीप दिली, की दाणे भरतानाच ओल संपते आणि शेंड्याकडच्या शेंगा चपट्या राहतात. तिथे नव्वदीच्या आसपास निघणारा जेएस २०-३४ बरा. मोझॅक दरवर्षीचाच असेल तर जेएस २०-२९ घ्यावा. उशिराचा वाण भारी पण निचरा होणाऱ्या जमिनीतच पेरावा. जेएस-३३५ ने तीन दशके साथ दिली, पण आता तो मोझॅकला लवकर बळी पडतो. निव्वळ सवयीने तो पेरू नये.

मोझॅक सोसणाऱ्या वाणातही पहिली पिवळी झाडे दिसताच उपटून पुरावीत.

वाण चांगला असूनही उगवण फसते ती बियाण्याच्या हाताळणीमुळे. सोयाबीनचे साल पातळ असते. मळणीयंत्र जोरात फिरवले किंवा पोती वरून आदळली की दाणा आतून दुखावतो, वरून काही दिसत नाही. टपोऱ्या दाण्याला हा धोका अधिक. म्हणून घरचे असो वा विकतचे, शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, गोणपाट सुकू देऊ नका. सहाव्या दिवशी फक्त धडधाकट कोंब मोजा. सत्तर आले तर एकरी ३० किलो, साठ आले तर ३५ किलो बियाणे लागेल. त्याहून कमी आल्यास ते बियाणे पेरू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई नको, आणि दाणा ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये.

कृषी विभागाने पेरणीआधी गावोगावच्या फलकावर प्रत्येक वाणापुढे त्याचे दिवस, लागणारी जमीन आणि तो नेमका कोणता रोग सोसतो, एवढे तरी लिहावे, ही विनंती.

— एक कृषी पदवीधर, वाशीम